बंद घराचं पाणी

परळचं आमचं घर बंद होतं, आणि त्या बंद घराचं पाण्याचं बिल अख्ख्या मजल्यावर सगळ्यात जास्त आलं होतं.

मला ते कळलं गिरगावात, ऑफिसमध्ये, डबा उघडायच्या वेळेला. सोसायटीच्या सेक्रेटरींनी बिलाचा फोटो पाठवला होता आणि खाली एवढंच लिहिलं होतं, 'ताई, एकदा येऊन बघून घ्या.' चाळीच्या जागी नवी इमारत उभी राहिली तेव्हा पाण्यावरून इतकी भांडणं झाली की सोसायटीने शेवटी प्रत्येक घराला वेगळं मीटर बसवून घेतलं. ज्याचं जेवढं पाणी, त्याचं तेवढं बिल. आई होती, तिचं आजारपण होतं, दिवसातून चार चार वेळा चादरी धुवाव्या लागत होत्या, तेव्हाही एवढं बिल कधी आलं नव्हतं. शेजारी जेवायला बसणारी मैत्रीण म्हणाली, फ्लश गळत असणार, बंद घरात एकदा पाणी वाहायला लागलं की कुणाला पत्ता लागत नाही. मला ते पटलं.

आई जाऊन वर्ष होऊन गेलं होतं. ती गेल्यावर मी बाबांना दादरला माझ्याकडे आणलं. मी एकटीच राहते, घर लहान आहे, पण दोघांना पुरतं. बाबा आधी गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर फोर्टातल्या एका ऑफिसात लिफ्ट चालवत होते. ऐंशीच्या जवळ आलेला माणूस, पण चालणं ताठ. आल्यापासून त्यांचा एक क्रम ठरला होता. सकाळी चहा झाला की कापडी पिशवी घ्यायची आणि परळला जायचं. तिथे जुने गिरणीवाले भेटतात, बसतो जरा, म्हणायचे. जेवायच्या वेळेला परत. मला उलट बरं वाटायचं. आईच्या मागे घरात बसून राहिले असते तर माझं ऑफिसात लक्ष लागलं नसतं.

त्या संध्याकाळी मी त्यांना बिलाचं सांगितलं. ते भाकरी खात होते. मान वर न करता म्हणाले, मीटर खराब असेल. मी म्हटलं, शनिवारी प्लंबर घेऊन जाते. आमटी वाढू का विचारलं तर नको म्हणाले आणि ताट घेऊन उठले.

शनिवारी मी दुपारची गेले. बाबा तेव्हा दादरला येऊन झोपले होते. लालबागहून एक प्लंबर बोलावला होता, चाळिशीचा, कमी बोलणारा. मी दार उघडलं आणि पहिल्यांदा काही खटकलं असेल तर तो वास. घर महिनोन्महिने बंद असलं की आत एक कोंदट, जुन्या कागदांसारखा वास साचतो. इथे साबणाचा वास होता, ताज्या, स्वस्तातल्या साबणाचा, आणि त्याच्याखाली ओलसरपणाचा. मी खिडकी उघडली. गॅलरीतल्या दोरीला चिमटे लावलेले होते. आईचे चिमटे मी स्वतः डब्यात भरून कपाटावर ठेवले होते.

प्लंबरने फ्लशची टाकी उघडली, हात घालून बघितली, बंद केली. स्वयंपाकघरातला नळ, बेसिन, गिझरची जोडणी, सगळं बघितलं. मग मला दाराबाहेर पाइपांच्या कपाटापाशी घेऊन गेला आणि मीटरची काच पुसून दाखवली. घरातले सगळे नळ बंद होते आणि मीटरचा काटा जागचा हलत नव्हता. आम्ही दोघं बराच वेळ त्याच्याकडे बघत उभे राहिलो.

"मॅडम, लिकेज नाहीये," तो म्हणाला. "पाणी वापरलंय कोणीतरी."

मी म्हटलं, घर बंद आहे. त्याने मान डोलावली, वाद घातला नाही. आत येऊन बाथरूममध्ये एक बादली पाणी ओतलं, तर ते जाळीवर तुंबलं. इथे गाळ अडकलाय, तो म्हणाला, आलोच आहे तर काढून देतो. त्याने जाळी उचकटली आणि आत तारेचा आकडा घातला.

बाहेर आले ते केस. आधी मला वाटलं जुनं काहीतरी, काथ्या किंवा पोतं. तो ओढत राहिला आणि ते येत राहिलं. काळे लांब केस, त्यात पांढरे केस, मेंदी लावलेले तांबूस, आणि मधूनमधून अगदी बारीक, मऊ, लहान मुलांचे असतात तसे. सगळे साबणाच्या राडीत एकमेकांत गुंतून त्यांचा एक जाडजूड दोर झाला होता. तुटलेले केस आणि गळालेले केस वेगळे दिसतात. हे मला त्याआधी एकदाच बघायला मिळालं होतं, याच बाथरूममध्ये. आईला कॅन्सरचं दुसरं औषध चढवलं तेव्हा ती न्हायला बसली आणि डोक्यावरून तांब्या ओतला तसे केस पुंजक्यांनी तिच्या मांडीवर उतरले. तिने ते गोळा केले, कागदात बांधले आणि मला दिले.

प्लंबरलाही कळलं असावं. परळच्या हॉस्पिटलाभोवती काम करणाऱ्या माणसाला ते ओळखू येतं. त्याने ती सगळी राड प्लास्टिकच्या पिशवीत भरली, गाठ मारली, आणि मग खूप वेळ हात धूत राहिला.

समोरच्या दाराची बेल मी दाबली. तिथल्या बाई साखळी न काढताच माझ्याशी बोलल्या. आधी आढेवेढे घेतले, मग म्हणाल्या, "तुमच्याकडे पेशंट लोक येतात ना सकाळी अंघोळीला? आम्हाला वाटलं, तुम्हाला माहीत आहे. तुमचे बाबाच तर असतात."

दादरला पोचेपर्यंत माझं डोकं नुसतं तापलं होतं. ते घर मी भाड्याने द्यायचं ठरवत होते. एक नवराबायको येऊन बघूनही गेले होते. आणि त्या घरात रोज सकाळी माझ्या पाठीमागे कोण कोण येत होतं याचा मला गंधही नव्हता. कुणी पडलं असतं, कुणी आतच गेलं असतं तर? पोलिसांना कोणी तोंड दिलं असतं? हे सगळं मी बाबांना विचारणार होते. पण आत गेले तर ते पलंगावर बसूनच होते, माझी वाट बघत असल्यासारखे, आणि माझ्या तोंडून निघालं ते वेगळंच.

"मला सांगायला काय झालं होतं, बाबा?"

"सांगितलं असतं, तर तू नको म्हटलं असतंस, बाय."

ते खरं होतं, म्हणून मला जास्त राग आला. मी आत जाऊन चहा ठेवला. चहा घेताना त्यांनी सगळं सांगितलं, तुकड्यातुकड्यांनी, माझ्याकडे न बघता.

सुरुवात आईने केली होती. हॉस्पिटलात तिला औषध चढवायचे तेव्हा शेजारच्या खुर्चीवर एक बाई असायची, लांबच्या गावाहून आलेली. तिचा मुक्काम हॉस्पिटलाबाहेरच्या फुटपाथवर होता, नवरा आणि ती, निळ्या प्लास्टिकखाली. मुंबईत राहणाऱ्या माणसाला तो फुटपाथ ठाऊक असतो. मी स्वतः आईला टॅक्सीतून नेता-आणताना किती वेळा त्याच्यावरून नजर काढून घेतली होती. त्या बाईने आईला सांगितलं की इथे आल्यापासून डोक्यावरून पाणी घेतलेलं नाही. सार्वजनिक बाथरूममध्ये रांग असते, उभं राहवत नाही, आणि मागची माणसं दार वाजवतात. घरी आल्यावर आई बाबांना म्हणाली, "तिका हय घेऊन येवा. आंघूळ तरी करूंदे."

बाबा दुसऱ्या दिवशी तिला घेऊन आले. आईने पलंगावरून सांगितलं तसं त्यांनी पाणी काढून दिलं, टॉवेल दिला. ती बाई न्हाली, गॅलरीत ऊन घेत बसली आणि बसल्या बसल्या झोपली. आईने तिला उठवू दिलं नाही. पुढे आणखी एकदोघी आल्या. मग आईच उठेनाशी झाली आणि ते थांबलं.

आई गेल्यावर दिवसकार्य उरकलं, बाबा दादरला आले, आणि एका सकाळी परळला घर उघडून बघायला म्हणून गेले. घरात त्यांना बसवेना. खाली उतरले आणि चालत चालत त्या फुटपाथवर गेले. तिथे एका माणसाला विचारलं, अंघोळ करायची आहे का? तो माणूस आधी घाबरला. किती पैसे, म्हणाला. बाबांनी सांगितलं, पैसे नकोत, पण साबण तुझा तू आण. आधी आठवड्यातून एखादाच यायचा, हल्ली रोज तिघंचौघं येऊ लागले होते.

"तुझ्या आवशीन सांगितलेला," बाबा म्हणाले. "माका वेगळा काय करूचा होता?"

सोमवारी मी रजा घेतली आणि त्यांच्याबरोबर गेले. काय म्हणून गेले ते तेव्हा मला नीट सांगता आलं नसतं. थांबवायलाच गेले असेन.

ते हॉस्पिटलाच्या फाटकापासून थोडं लांब उभे राहिले आणि माणसं आपोआप त्यांच्याकडे आली. बाबा त्यांच्याशी गोड बोलत नव्हते. लिफ्टमध्ये माणसं भरताना बोलत असतील तसंच, आज तू, तू आणि तू, बाकीचे उद्या. जिन्यात आवाज करायचा नाही. चपला बाहेर रांगेत. एकाला दोन बादल्या, कपडे धुवायचे असतील तर आणखी एक. ज्याला ताप असेल त्याने गरम पाणी घ्यायचं, बाकीच्यांनी गार. खालचा वॉचमन त्यांच्याकडे बघून न बघितल्यासारखं करत होता. त्याला बाबांनी सांगून ठेवलं होतं, गावचे पाहुणे.

त्या दिवशी आलेल्यांत दोघी मायलेकी होत्या. हिंगोलीकडच्या. मुलगी आठेक वर्षांची असेल, डोक्याला फुलाफुलांचा रुमाल, डोळ्यांवर भुवया नव्हत्या म्हणून चेहरा सारखा आश्चर्य वाटल्यासारखा दिसायचा. हातावर सुईच्या जागी काळंनिळं झालं होतं. तिच्या आईने तिला बाथरूममध्ये छोट्या स्टुलावर बसवलं आणि दार लोटलं. आतून मुलीचं बोलणं ऐकू येत होतं. तिला अजून एक तांब्या हवा होता, मग अजून एक. आई हळू आवाजात म्हणत होती, पुरे आता, आजोबांचं पाणी संपतं. मी स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून उभी होते. बाबा बाहेरच्या खोलीत पुढच्या माणसाला, घशाला भोक पाडून नळी बसवलेल्या एका तरुणाला, पाणी गळ्याखालीच घे हे खुणेने समजावत होते.

मुलगी टॉवेलात गुंडाळून बाहेर आली. रुमाल काढलेला होता. मला बघून तिने पटकन दोन्ही हात डोक्यावर ठेवले. मी तोंड फिरवलं आणि उगाच गॅस चालू-बंद केला.

तिच्या आईला बिलाचं कुणीतरी सांगितलं असावं, नाहीतर बाबांच्या आणि माझ्या बोलण्यावरून तिने ओळखलं. निघताना ती माझ्यापाशी थांबली.

"ताई, पाणी लई लागलं का ओ? आम्ही नळ चालू ठिवत नाही. बादलीतच घेतो."

मी म्हटलं, नाही, तसं काही नाही. थांबवायचं म्हणून जे काही बोलायचं ठरवून आले होते, ते तसंच घेऊन मी परत आले.

मी सेक्रेटरींना फोन करून खरं ते सांगितलं आणि बिल भरून टाकलं. मला वाटलं होतं तेवढ्यावर मिटेल. पण एकदा उघड झाल्यावर मजल्यावरच्या लोकांना जे इतके दिवस चाललं ते चालेनासं झालं. सेक्रेटरींनी मीटिंग बोलावली आणि आम्हाला दोघांनाही यायला सांगितलं.

तळमजल्यावरच्या सोसायटीच्या खोलीत प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. यातली निम्मी माणसं मला लहानपणापासून ओळखत होती. चाळीत आमच्या सामाईक मोरीवर यांच्याच आयांबरोबर माझी आई कपडे धुवायची. सगळे आधी चांगलंच बोलले. बाबांचं काम पुण्याचं आहे, म्हणाले. मग एकेकाने सुरू केलं. लिफ्टमध्ये औषधांचा वास येतो. घरात लहान बाळ आहे. कुणी अनोळखी माणूस वर आला आणि चोरी झाली तर? एकजण म्हणाला, उद्या आपल्या बिल्डिंगला लोक धर्मशाळा म्हणतील, फ्लॅटचे भाव पडतील. मी सांगायचा प्रयत्न केला की हा आजार असा पसरत नाही. सेक्रेटरी म्हणाले, ते त्यांनाही कळतं, त्यांच्या सख्ख्या मेव्हणीला होता, पण प्रत्येकाला कसं समजावणार.

शेवटी वरच्या मजल्यावरचे एक गृहस्थ, जे इतका वेळ फोन बघत होते, मान वर करून म्हणाले, "आजोबा, खरं सांगा, माणशी किती घेता?"

मला वाटलं कुणीतरी त्यांना गप्प करेल. कुणी केलं नाही, आणि त्यावरून माझ्या लक्षात आलं की हा प्रश्न त्या एकट्याचा नव्हता. बाबा गुडघ्यावर हात ठेवून बसले होते. जणू तो प्रश्न दुसऱ्याच कुणाला विचारला होता.

ठराव झाला. बंद घरात बाहेरची माणसं आणायची नाहीत, वॉचमनने पाहुण्यांची नावं घरमालकाला फोन करून विचारल्याशिवाय कुणाला वर सोडायचं नाही, आणि घरमालक म्हणजे मी. बाबांच्या नावावर घर नव्हतं. नव्या इमारतीत जाताना त्यांनीच हौसेने माझ्या नावावर करून दिलं होतं. त्याचा आता असा उपयोग झाला. टॅक्सीत बसल्यावर, परळचा पूल मागे पडेपर्यंत बाबा काचेतून बाहेर बघत होते. मग म्हणाले, "त्येंका खराच वाटला काय, मी पैशे घेतंय म्हणान?"

मी म्हटलं, नाही हो, तो माणूसच तसा आहे. माझं मलाच ते खोटं वाटलं. आणि खरं सांगायचं तर त्या रात्री मला शांत झोप लागली. कुणीतरी दुसऱ्यानेच ते बंद केलं होतं, मला करावं लागलं नव्हतं.

त्यानंतर बाबा तरीही जात राहिले. घर उघडायचे नाहीत. त्या फुटपाथवर माणसांत जाऊन बसायचे. कधी केळी घेऊन जायचे, कधी कुणाच्या औषधाच्या रांगेत उभे राहायचे. जुनी माणसं त्यांना विचारायची, आजोबा, अंघोळ कधी? त्यांनी सगळ्यांना सांगितलं की नळ बिघडलाय, दुरुस्तीचं काम चालू आहे. दुसरं काय सांगणार होते?

एका दुपारी ऑफिसात त्यांचा फोन आला. बाबा फोन करत नाहीत. त्यांना बटणं दिसत नाहीत, म्हणून कुणाकडून तरी लावून घेतला होता. मागे रहदारीचा आवाज येत होता. ते म्हणाले, ती हिंगोलीची पोर गेली. सकाळी गेली. संध्याकाळी अँब्युलन्समधून गावी नेणार आहेत. मला वाटलं पैशांचं काही असेल, मी विचारलं. तसं नव्हतं. पोरीचा बाप आत कागदपत्रं करत होता. आई बाहेर होती. तीन दिवस ती वॉर्डाच्या जिन्यात बसून होती, त्याच साडीत, आणि साडीवर मुलीची उलटी होती, रक्त होतं. आता रात्रभर त्याच गाडीतून तिला जायचं होतं. बाबा तिला घेऊन बिल्डिंगपाशी आले होते आणि वॉचमनने गेटवर थांबवलं होतं.

मी साहेबांना सांगून निघाले. टॅक्सीने परळला पोचले तेव्हा बाबा गेटबाहेर उन्हात उभे होते आणि ती बाई भिंतीशी उकिडवी बसली होती. मांडीवर एक कॅरीबॅग घट्ट धरून. वॉचमन म्हणाला, मॅडम, मला ऑर्डर आहे. मी म्हटलं, घर माझं आहे आणि ही माझी पाहुणी आहे, नाव लिहून घ्या. त्याने वही काढली, पण लिहिलं नाही. बाजूला झाला.

लिफ्टमधून आम्ही तिघं चौथ्या मजल्यावर गेलो. वास येत होता, हे खरं आहे. मी दार उघडलं, गिझर लावला, आईच्या कपाटातून एक धुतलेली साडी, परकर, ब्लाऊज काढून दिला. ती बाथरूममध्ये गेली आणि कडी लावली.

आधी बादली भरल्याचा आवाज आला. मग नळाचा आवाज थांबलाच नाही. पाणी पूर्ण सोडलेलं होतं, ते बादलीतून वाहून फरशीवर पडत होतं, आणि त्या आवाजाच्या आत दुसरा आवाज होता. तो मोठा नव्हता. दाराशी कान लावला असता तरच कळला असता, पण आम्हाला बसल्या जागी कळत होता. बाबा खुर्चीवर, मी पलंगाच्या कडेला. मी एकदा उठले. बाबांनी हाताने बस म्हणून खूण केली. समोरच्या बाईंचं दार उघडून बंद झालं. पाणी वाहत राहिलं. किती वेळ, मला सांगता येणार नाही. मला एवढं आठवतं की गिझरमधलं गरम पाणी केव्हाच संपलं असणार आणि ती गार पाण्याखाली उभी आहे, असं माझ्या मनात येत होतं, आणि तरी तिला हाक मारावीशी वाटली नाही.

ती बाहेर आली तेव्हा आईची साडी नेसली होती आणि हातात एक फ्रॉक होता, पिळलेला. कॅरीबॅगमध्ये तोच होता. तिने साडीबरोबर तोही धुतला होता. ती सरळ गॅलरीत गेली, फ्रॉक झटकला, दोरीवर टाकला आणि दोन चिमटे लावले, रोजच्यासारखे. मग तिच्या लक्षात आलं. दोरीकडे बघत उभी राहिली. वाळायला वेळ नव्हता.

"असाच घेते," ती म्हणाली.

मी तिला फ्रॉक काढायला मदत केली. तो ओला फ्रॉक आणि ओली साडी आम्ही प्लास्टिकच्या पिशवीत भरली. मी पोळीभाजी आणून देऊ का विचारलं. तिने मानेने नाही म्हटलं. बाबांच्या पाया पडायला वाकली तर बाबा दोन पावलं मागे सरकले. त्यांनी मला सांगितलं, तू जा सोडायला, माझ्याने होत नाही.

मी तिला हॉस्पिटलाच्या फाटकापर्यंत सोडलं. तिचा नवरा तिथे उभा होता, हातात कागद, तिशीतलाच. त्याने बायकोच्या अंगावरच्या अनोळखी साडीकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि हात जोडले. अँब्युलन्स अजून लागली नव्हती. मी थोडा वेळ थांबले आणि मग परत आले, कारण बाबा एकटे होते.

सोसायटीकडून त्या दिवसाबद्दल कुणी काही विचारलं नाही. सेक्रेटरी एकदा लिफ्टपाशी भेटले, तेव्हा माझ्याकडे न बघता म्हणाले की वॉचमनने सांगितलं त्यांना, आणि लिफ्टमध्ये शिरले. पण ठराव तसाच राहिला. पुढच्या महिन्यात मी घर भाड्याने दिलं. जे नवराबायको आधी बघून गेले होते तेच आले. दोघंही नोकरीला, सकाळी जातात, अंधार पडल्यावर येतात. घर त्यांच्या ताब्यात द्यायच्या आधी मी पिंप, बादल्या, छोटं स्टूल, सगळं भंगारवाल्याला देऊन टाकलं. बाबांना विचारलं, काही ठेवायचं आहे का. त्यांना काही नको होतं.

फुटपाथवर जाणं त्यांनी बंद केलं. मी कारण विचारलं नाही, त्यांनीच एकदा जेवताना सांगितलं. तिथे नवी माणसं येत राहतात. जुन्यांकडून ऐकून विचारतात, अंघोळीचे आजोबा तुम्हीच का. रोज किती जणांना नाही म्हणायचं? आता ते सकाळी चहा पिऊन दादरच्या खिडकीशी बसतात. पेपर उघडा असतो, पण पान उलटत नाही. चालणंही कमी झालंय. जिना उतरताना माझा हात धरतात.

हिंगोलीहून त्या बाईचा अधूनमधून फोन येतो. नंबर माझा आहे. पाऊस झाला का, कापूस किती आला, धाकटा शाळेत जायला लागला, असं काहीबाही सांगते. मुलीबद्दल ती बोलत नाही आणि मीही विचारत नाही. दर वेळी आजोबा कसे आहेत विचारते. परवा म्हणाली, आज त्यांनाच द्या ना फोन, दोन शब्द बोलते. मी बाबांकडे बघितलं. त्यांना ऐकू आलं होतं. त्यांनी खिडकीकडे तोंड केलं आणि हाताने नको म्हटलं.

मी तिला सांगितलं, झोपलेत.